क्रेपसाठी आदल्या रात्रीपासूनची तयारी

२ फेब्रुवारीला, म्हणजे नाताळापासून चाळिसाव्या दिवशी, फ्रान्समध्ये ‘शांदलर’ हा सण असतो. त्याचे नाव मेणबत्त्यांवरून पडले असले, तरी घरोघरी त्या दिवसाची ओळख क्रेपमुळे आहे. मैदा, अंडी, दूध आणि लोणी एवढ्याच जिनसांची ही पातळ, मऊ पोळी कोणत्याही स्वयंपाकघरात होण्यासारखी आहे. मात्र ती तव्यावर फाटते, चिवट होते किंवा गोळा होऊन बसते, तेव्हा त्याचे कारण बहुधा तासाभरापूर्वी किंवा त्याहीआधी घडून गेलेले असते: पीठ घाईने कालवलेले असते, त्याला विसावा मिळालेला नसतो किंवा तवा नीट तापलेला नसतो. म्हणून ही यादी घड्याळाच्या क्रमाने लिहिली आहे. ती आदल्या रात्री सुरू होते.

प्रथम जिन्नस. चार-पाच माणसांना पुरतील अशा सुमारे पंधरा क्रेपसाठी २५० ग्रॅम मैदा, ४ अंडी, अर्धा लिटर पूर्ण सायीचे दूध, ५० ग्रॅम लोणी आणि चिमूटभर मीठ काढून ठेवावे. घरात वजनकाटा असल्यास मैदा वजनानेच घ्यावा. वाटीत दाबून भरलेला मैदा आणि चाळून हलका भरलेला मैदा यांच्या वजनात बराच फरक पडतो, आणि क्रेपच्या पातळ पिठात तो फरक लगेच कळतो. अंडी तासभर आधी बाहेर काढावीत व दूध कोमट करून घ्यावे, कारण थंडगार दुधात वितळलेले लोणी ओतले की त्याचे कण गोठतात आणि पिठात पांढरी कणी दिसू लागते. साखर पिठात घालावी की नाही, यावर फ्रेंच घरांतही एकमत नाही. माझे मत न घालण्याकडे आहे: साखरेने क्रेप लवकर करपते, आणि साधे पीठ असले की तीच क्रेप गोडाला आणि तिखटमिठाला दोन्हीकडे चालते. सुवासासाठी फ्रान्समध्ये संत्र्याच्या फुलांचे पाणी किंवा चमचाभर रम घालतात. त्याऐवजी संत्र्याची किसलेली साल घातली तरी उत्तम लागते, फक्त सालीखालचा कडू पांढरा भाग किसला जाणार नाही इतके पाहावे.

लोण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण क्रेपची चव मुख्यतः त्यातूनच येते. क्रेपचे माहेर म्हणजे फ्रान्सच्या वायव्येचा ब्रिटनी प्रांत, आणि तेथे खारे लोणी वापरण्याचा रिवाज आहे. राज्यक्रांतीपूर्वीच्या फ्रान्समध्ये मिठावर ‘गाबेल’ नावाचा जाचक कर होता; ब्रिटनीला त्यातून सूट असल्यामुळे तेथे मीठ स्वस्त राहिले आणि लोणी खारवून टिकवणे सामान्य घरांनाही परवडले. आपल्याकडे बाजारात मिळणारे पिवळे लोणी बहुधा खारेच असते. ते वापरायचे असेल तर पिठातले मीठ वगळावे. ताकावरचे घरचे लोणी घेतले तर ते मंद आचेवर वितळवावे आणि तूप कढवताना तळाची बेरी तांबूस होऊ लागते, नेमक्या त्या क्षणी भांडे खाली उतरवावे. फ्रेंच स्वयंपाकात या अवस्थेतल्या लोण्याला ‘बर न्वाझेत’ म्हणतात, आणि बेरीसकट ते पिठात घातले की साध्या क्रेपलाही खमंगपणा येतो. गाळलेले साजूक तूप मात्र येथे वापरू नये, कारण ज्या बेरीमुळे ही चव येते तीच त्यातून काढून टाकलेली असते.

पीठ कालवण्याचे काम दहा मिनिटांचे आहे, पण त्यातला क्रम चुकता कामा नये. मैदा चाळून खोलगट भांड्यात घ्यावा, त्यात मीठ मिसळावे, मध्ये आळे करावे आणि त्यात अंडी फोडून घालावीत. रवीने किंवा काट्याने मधूनच ढवळत कडेचा मैदा थोडाथोडा आत ओढावा आणि अगदी थोडे दूध घालून घट्ट, गुळगुळीत मिश्रण होईपर्यंत फेटावे. गुठळ्या मोडायच्या असतील तर त्या या टप्प्यावरच मोडतात. दाट पिठात त्या एकमेकींवर घासल्या जातात, पातळ पिठात त्या निसटून तरंगत राहतात. उरलेले दूध त्यानंतर धारेने घालावे आणि शेवटी कोमट लोणी. सगळे एकजीव झाले की थांबावे, कारण जास्त फेटले की मैद्यातले ग्लूटेन हे चिकट प्रथिन ताणले जाते आणि क्रेप चिवट होते. मिक्सरमधून काढल्यास गुठळ्यांची चिंता मिटते, परंतु पिठात हवा फार शिरते व विसाव्याची वेळ वाढवावी लागते. कोणत्याही पद्धतीने केले तरी शेवटी बारीक गाळणीतून गाळून घेणे श्रेयस्कर.

यानंतरचा विसावा हा या यादीतला असा भाग आहे की जो वगळण्याचा मोह सर्वांना होतो आणि जो वगळू नये. किमान एक तास, शक्य असल्यास रात्रभर, पीठ झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. या वेळात मैद्याचा प्रत्येक कण पाणी शोषून फुगतो, ताणलेले ग्लूटेन सैल पडते आणि फेटताना शिरलेले बुडबुडे वर येऊन विरतात. त्यामुळे पीठ तव्यावर सलग पसरते, जाळी पडत नाही आणि उलटताना कड फाटत नाही. आंबोळी-डोशाची सवय असलेल्या हाताला येथे एक इशारा द्यावासा वाटतो: हे पीठ आंबवायचे नाही. त्यात दूध आणि कच्ची अंडी आहेत, म्हणून आपल्या हवेत ते रात्रभर ओट्यावर ठेवणे धोक्याचे आहे. करायला घेण्यापूर्वी अर्धा तास ते बाहेर काढावे आणि तळापर्यंत ढवळावे, कारण जड भाग खाली बसलेला असतो. आता दाटपणा पाहावा. पळी बुडवून उलटी धरली असता तिच्यावर पातळ थर राहिला आणि त्यावर बोटाने ओढलेली रेघ क्षणभर टिकली, तर पीठ योग्य आहे. डोशाच्या पिठापेक्षा ते बरेच पातळ आणि घावनाच्या पिठापेक्षा किंचित दाट असते. रात्रीतून ते घट्ट झालेले असणारच. चमचा चमचा दूध किंवा पाणी घालून ते सारखे करावे, एकदम वाटीभर ओतू नये.

तवा आदल्या दिवशीच निवडून ठेवावा. ब्रिटनीत ‘बिलिग’ नावाचा बिडाचा, सपाट, गोल, मोठा तवा असतो, त्यावर ‘रोझेल’ या टी आकाराच्या लाकडी फिरकीने पीठ पसरतात आणि ‘स्पानेल’ या लांब, पातळ लाकडी पट्टीने क्रेप सोडवतात. घरी याची काही गरज नाही. बुडाशी २२ ते २४ सेंटिमीटर रुंद, कमी उंचीच्या कडांचा आणि मनगटाने सहज फिरवता येईल इतका हलका नॉनस्टिक पॅन पुरेसा आहे. येथे पीठ पळीने फिरवून पसरायचे नसून पॅन तिरका करून वाहू द्यायचे असते, त्यामुळे मुठीचा पॅन हवा आणि तो जड नसावा. बिडाचा तवा वापरात असून चांगला मुरलेला असेल तर रंग त्यावर अधिक सुरेख येतो, परंतु एका हाताने तो फिरवणे सर्वांना जमत नाही. ज्यावर रोज भाकरी किंवा फोडणी होते असा तवा घेऊ नये. त्याचा वास लोण्यात उतरतो.

तव्याला हात फिरवण्यासाठी आपल्याकडे अर्धा कापलेला कांदा किंवा नारळाच्या शेंडीचा कुंचला असतो. फ्रान्समध्ये त्याच कामासाठी काट्याला टोचलेला अर्धा बटाटा वितळलेल्या लोण्यात किंवा तेलात बुडवून वापरतात. गोड क्रेपसाठी बटाटाच घ्यावा, कांद्याचा वास राहतो. स्निग्धांश अगदी थोडा हवा; पॅनमध्ये तो साचलेला दिसला तर पीठ त्यावरून घसरते, चिकटत नाही आणि पसरतही नाही.

गॅस पेटवण्यापूर्वी ओट्यावर उजवीकडे पीठ व ६० मिलिलिटर मापाची पळी, डावीकडे पातळ उलथणे, बटाटा आणि लोण्याची वाटी, आणि मागच्या शेगडीवर पाणी उकळत ठेवलेल्या पातेल्यावर एक पसरट ताटली अशी मांडणी करावी. डावखुऱ्यांनी ती उलट करावी. झालेल्या क्रेप त्या ताटलीवर एकावर एक रचून वर झाकण घातले की वाफेच्या उबेने त्या मऊ राहतात आणि सगळी मंडळी एकदम जेवायला बसू शकतात. या मांडणीत पाच मिनिटे जातात, पण एकदा पीठ पॅनमध्ये पडले की वस्तू शोधायला दहा सेकंदही नसतात.

पॅन मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटे तापवावा. नॉनस्टिक असल्यास मोठ्या आचेवर रिकामा ठेवू नये. पाण्याचे थेंब शिंपडल्यावर ते चरचरून नाचत उडाले की पॅन तयार आहे; नुसते उकळत बसले तर थोडे थांबावे. पॅन उचलून आचेपासून दूर धरावा, मधोमध पळीभर पीठ ओतावे आणि त्याच क्षणी मनगट फिरवावे. पीठ कडेपर्यंत पोहोचण्याआधीच जागच्या जागी थिजले तर पॅन फार तापला आहे. ते सावकाश वाहत राहिले आणि क्रेप फिकट राहिली तर कमी. पहिली क्रेप नेहमी बिघडते असे फ्रेंच लोक म्हणतात, आणि अनुभवाने ते खरे आहे, म्हणून पहिलीचा उपयोग आच आणि पिठाचा दाटपणा जोखण्यासाठीच करावा व पंधरांच्या हिशेबात तिला धरू नये. सुमारे एका मिनिटात कड सुटून तांबूस होते. मग उलटावी आणि दुसरी बाजू २०-३० सेकंदच ठेवावी. शांदलरच्या रिवाजाप्रमाणे एका हातात नाणे धरून दुसऱ्या हाताने क्रेप हवेत उलटवायची असेल (ती नीट पॅनमध्ये पडली तर वर्षभर पैशाची ददात राहत नाही, अशी समजूत आहे), तर ते धाडस चौथ्या-पाचव्या क्रेपवर करावे, आणि त्याआधी पॅन हलवून क्रेप सुटी झाल्याची खात्री करून घ्यावी.

भरायचे जिन्नस आधी वाट्यांत काढून ठेवावेत. सर्वांत साधा आणि माझ्या मते सर्वांत चांगला प्रकार म्हणजे गरम क्रेपवर लोण्याचा हात, चमचाभर साखर आणि लिंबू. त्यासाठी जाड दाण्याची साखर मिक्सरमधून हलकी फिरवून घ्यावी. जॅम किंवा खाऱ्या लोण्याचे कॅरॅमलही चालते. नारळ आणि गुळाचे सारण भरून गुंडाळी केली तर ती गोव्याच्या अलेबेलेच्या अगदी जवळ जाते. तिखटमिठाचे खाणे हवे असेल तर ब्रिटनीत त्यासाठी वेगळा पदार्थ आहे, गॅलेट, आणि त्यात मैदा नसून कुट्टूचे पीठ, पाणी व मीठ असते; वर अंडे, किसलेले चीज आणि हॅम ठेवून चारही कडा आत दुमडतात. कुट्टूत ग्लूटेन नसल्यामुळे ते पीठ पसरायला कठीण जाते, तेव्हा पहिल्या प्रयत्नात मैद्याच्याच क्रेपवर अंडे-चीज घालावे. अंडे न खाणाऱ्यांसाठी मैद्यात थोडे कॉर्नफ्लोअर मिसळून दुधात पीठ भिजवता येते, पण पातळ क्रेपला धरून ठेवणारा अंड्यातला प्रथिनांचा बंध त्यात नसतो. अशी क्रेप किंचित जाड ओतावी आणि हवेत उलटवू नये.

उरलेले पीठ झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी संपवावे. झालेल्या क्रेप उरल्या तर पूर्ण गार होऊ द्याव्यात, मध्ये बटर पेपर घालून गुंडाळाव्यात आणि दोन दिवसांत खाव्यात. पुन्हा गरम करताना कोरड्या पॅनवर दोन्ही बाजूंनी प्रत्येकी दहा-पंधरा सेकंद पुरतात.