नायट्रो स्लशचं मशीन लावताय? या चुका टाळा

नायट्रो स्लश म्हणजे नायट्रोजन गॅस मिसळलेलं बर्फाळ सरबत. त्याचं मशीन बसवून आठवडा झाला की फोन येतो, "दादा, स्लश जमतच नाही, मशीन बदलून द्या." मी गेल्यावर पाना काढण्याआधी मिश्रणाचा पेला मागतो. बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं, नाहीतर गॅसच्या लाइनमध्ये.

साखर अंदाजाने घालू नका. रिफ्रॅक्टोमीटर (साखरेचं प्रमाण मोजायचं उपकरण) घ्या आणि ब्रिक्स, म्हणजे वजनाने साखरेची टक्केवारी, 13 ते 15 च्या दरम्यान ठेवा. 10 किलो मिश्रणात 1 किलो 350 ग्रॅम साखर म्हणजे 13.5 ब्रिक्स. 12 च्या खाली गेलात की बॅरलमध्ये (मिश्रण गोठवणाऱ्या नळकांड्यात) बर्फाचा दगड होतो, खरवडणारी पाती अडकतात आणि मोटर ट्रिप होते. 18 च्या वर गेलात तर रात्रभर फिरवलं तरी सरबतच राहतं. शुगर-फ्री सरबत तसंच ओतलं तर पाती तुटण्याचीच भीती.

कोकणातल्या एका कॅफेत मीच गोंधळलो होतो. रीडिंग 14, कॉम्प्रेसर ठणठणीत, तरी पेल्यात लाल पाणी. शेवटी बोट बुडवून चाखलं तर खारट! त्यांनी अमृत कोकमऐवजी (कोकमाचं गोड सरबत) आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, वापरून वर साखर घातली होती. मीठ विरघळलं की रिफ्रॅक्टोमीटर तेही साखरेतच मोजतो, आणि नुसतं 1 टक्का मीठ गोठणबिंदू सुमारे 0.6 अंशाने खाली ओढतं. तेवढं करायला साखर जवळजवळ 10 टक्के लागते. अमृत कोकम घेतलं, मलमलीतून गाळलं, तासाभरात स्लश उभं राहिलं. गाळणं टाळू नका, कारण गर गॅस मिसळण्याच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतो.

आता गॅस. सोड्याच्या मशीनचा कार्बन डायऑक्साइडचा रेग्युलेटर पडून आहे म्हणून अडॅप्टर लावून तोच बसवण्याचा जुगाड कृपा करून करू नका. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमध्ये 20 अंशांना साधारण 57 बार दाब असतो, नायट्रोजनच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये 150 बारच्या आसपास. नायट्रोजनचाच रेग्युलेटर हवा. गॅस खाण्याच्या दर्जाचा आहे असं प्रमाणपत्र मागा, आणि सिलिंडर भिंतीला साखळीने बांधा.

फेस येत नाही म्हणून दाब वाढवत जाणं ही दुसरी नेहमीची चूक. नायट्रोजन पाण्यात फार थोडा विरघळतो. म्हणून तर त्याचे बुडबुडे बारीक राहतात आणि तोंडात साय आल्यासारखं वाटतं. गिनेस बिअरवाल्यांनी 1959 मध्ये हाच गुण वापरला. पण मिश्रण कोमट असेल तर जो काही थोडा गॅस विरघळायचा, तोही टिकत नाही. मिश्रण आधी फ्रिजमध्ये 4 अंशांपर्यंत गार करा, दाब मशीनच्या पुस्तिकेत दिला आहे तेवढाच ठेवा.

आणि हे मनापासून सांगतो: सिलिंडर बंद कोठीत ठेवू नका. नायट्रोजनला वास नाही, आणि गळती झाली तर जीव घुसमटतही नाही, कारण श्वासाची तळमळ शरीराला कार्बन डायऑक्साइड साठल्यावर होते. माणूस काही कळायच्या आत कोसळतो. हवेतला ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 19.5 च्या खाली गेला की धोका सुरू. जागा लहान असेल तर ऑक्सिजनचा अलार्म लावाच.

मशीन टेम्पोतून आडवं आलं असेल तर 24 तास उभं ठेवून मगच चालू करा, कॉम्प्रेसरचं तेल खाली उतरू द्या. मागे-बाजूला वीतभर जागा सोडा. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात भट्टीशेजारी ठेवलेलं मशीन दुपारी हात टेकणारच, त्याला दोष देऊ नका. कंडेन्सरची जाळी आठवड्याला झाडा.

धुताना आधी गॅस बंद, मग नळ उघडून दाब पूर्ण उतरवा, काटा शून्यावर आल्यावरच समोरचं झाकण काढा. दुधाचं मिश्रण असेल तर रोज रात्री सगळं सोडवून धुवायचं. ओ-रिंग (जोडातली रबरी गोल कडी) पुन्हा बसवताना खाण्याच्या दर्जाचं ग्रीस बोटाने पातळ फिरवा. कोरडी रिंग चिरते आणि दोन दिवसांत सिलिंडर रिकामा होतो. तसं झालं तर साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर लावा. जिथे फुगे येतील तिथला जोड गॅस बंद करून पुन्हा आवळा.