घर रिकामं करताय? या चुका आमच्या हातून झाल्या, तुम्ही टाळा

आईची सोसायटी पुनर्विकासाला गेली आणि चौतीस वर्षांचा संसार दीड महिन्यात हलवायची वेळ आली. भाड्याचं घर लहान, त्याला माळा नाही. म्हणजे निम्मं सामान काढणं भागच होतं.

माळ्यापासून सुरुवात केली

पहिल्याच रविवारी उत्साहाने सगळे माळे खाली उतरवले. दुपारपर्यंत हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती आणि संध्याकाळी कंबर धरून अर्धं सामान परत वर चढवलं. माळा शेवटी घ्यावा. औषधांचा डबा, बाथरूममधलं कपाट, स्वयंपाकघरातले बिनझाकणाचे डबे इथे निर्णय पटकन होतात आणि हात सुटतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वस्तू खाली काढण्याआधी ती कोण नेणार हे ठरवा. आम्ही पुढे कॅलेंडरवर लिहूनच टाकलं: रद्दीवाला या दिवशी, बोहारीण त्या दिवशी, मावशीचा टेम्पो अमुक तारखेला. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था जुन्या वस्तूही गोळा करते. तुमच्या भागात असं कोण आहे, ते आधी विचारून ठेवा.

आईच्या नकळत टाकलं

ती देवळात गेल्यावर मी दोन पोती खाली नेऊन ठेवली. येताना ती त्यातलं पुरणयंत्र घेऊनच वर आली. दोन दिवस अबोला. नंतर प्रश्नच बदलला. ‘टाकू का?’ म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘असू दे, लागेल कधीतरी.’ ‘कोणाला देऊ?’ म्हटलं की ती स्वतःच नावं सुचवायला लागली.

कागद न बघता रद्दीत घातले

ही चूक सगळ्यात महागात पडली असती. रद्दीवाल्याच्या काट्यावर दिवाळी अंकांच्या चळतीत एक लाल फडक्यातलं गाठोडं चढलं होतं. त्याने ते बाजूला काढून विचारलं, “ताई, हे बघितलंय का?” आत पिवळे पडलेले, घडीवर फाटायला आलेले कागद होते आणि त्यांवर सलग, हात न उचलता लिहिल्यासारख्या ओळी. मोडी लिपी. पणजोबांच्या वेळची खरेदीखतं असावीत.

मोडी साधारण १९५० पर्यंत व्यवहारात होती, त्यामुळे जुन्या घरांतले जमिनीचे, कर्जाचे, वाटणीचे कागद तिच्यात सापडतात. आपल्याला वाचता येत नाहीत म्हणून ते निकामी ठरत नाहीत. जमिनीच्या वादात, जातीच्या दाखल्याच्या पडताळणीत हेच कागद लोक शोधत फिरतात. त्यांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. कोरड्या सुती कापडात ठेवा आणि मोडी जाणणाऱ्याला दाखवा. पुण्यात १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करता येते.

कागदी शेअर सर्टिफिकेटंही अशीच हरवतात. सलग सात वर्षं लाभांश उचलला नाही तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात, पण वारसांना अर्ज करून ते परत मिळवता येतात. उलट बाजूही आहे. आधारच्या झेरॉक्स आणि बँकेची स्टेटमेंटं रद्दीत अख्खी देऊ नका. त्यांचा भेळेचा पुडा होऊ शकतो. फाडून द्या.

जुना टीव्ही सरळ भंगारात

मागे डोलारा असलेला जुना टीव्ही घ्यायला भंगारवाला लगेच तयार होतो, कारण त्याला आतलं तांबं हवं असतं. त्यासाठी काचेची नळी फोडली जाते, आणि त्या काचेत शिसं असतं. वायरींचं तांबं काढायला प्लास्टिक जाळतात, त्याचा धूर कुठल्यातरी वस्तीत जातो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि कंपन्यांवर नोंदणीकृत रिसायकलरकडून विल्हेवाट लावून घेण्याची जबाबदारी आहे. तेव्हा कंपनीची पिकअप सोय विचारा. पैसे कमी मिळतील, मिळू देत.

ड्रॉवरमध्ये एक फुगलेला मोबाइलही सापडला. असा फोन चार्ज करू नका, दाबू नका, बॅटरी टोचू नका. इतर फोन देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढा, फॅक्टरी रीसेट करा. इन्व्हर्टरची बॅटरी दुकानदार वजनावर परत घेतो, तिच्यातलं ॲसिड ओतून हलकी करण्याचा उद्योग नको.

पाऱ्याचा थर्मामीटर आणि सीएफएल दिवे वेगळे ठेवा. पारा सांडलाच तर झाडू फिरवू नका. खिडक्या उघडा, जाड कागदाने थेंब गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. फुटकी काच कागदात गुंडाळून वर ‘काच’ लिहा. ती उचलणारे हात बहुतेक वेळा उघडेच असतात.

दान म्हणून चिंध्या दिल्या

कपड्यांची तीन गाठोडी एका वृद्धाश्रमात घेऊन गेले. तिथल्या बाईंनी हुक नसलेला, बगलेत उसवलेला गाऊन वर धरला आणि शांतपणे विचारलं, “हे कोण घालणार, तुम्हीच सांगा.” मी दोन गाठोडी परत आणली. धुतलेलं, बटणं असलेलं, आपण पाहुण्याला देऊ असं असेल तेच द्यावं. जरीच्या साड्या बोहारणीने हाताने चाचपून घेतल्या आणि एक स्टीलचं पातेलं दिलं, तेही अर्ध्या तासाच्या घासाघिशीनंतर. मऊ सुती लुगड्यांची गोधडी शिवायला टाकली.

पितळी भांडी भंगारात न देता भांड्यांच्या दुकानात मोडीत द्या. घरी वजन करून जा. काशाची वाटी पितळेच्या ढिगात जाऊ देऊ नका, काशाला भाव जास्त असतो.

देवांच्या तसबिरी पिंपळाखाली ठेवायच्या, असं आईचं म्हणणं. शेवटी काच आणि चौकट वेगळी केली. साधा कागद तिने स्वतः बादलीत भिजवला आणि कुंडीत घातला. प्लास्टिकचा मुलामा असलेल्या तसबिरी मात्र अजून कपाटात आहेत.

पाटा-वरवंटा कोणीच नेला नाही. भंगारवाल्याने तर ‘दगड कशाला?’ म्हणून हात जोडले. दोघा हमालांनी तो भाड्याच्या घरी चढवला, आणि आता बाल्कनीत त्याच्यावर तुळशीची कुंडी आहे.