ऑल्ट-कंट्री ऐकायचंय? मग प्लेलिस्ट सोडा आणि क्रेडिट्स वाचा

कंट्री म्युझिक म्हटलं की बऱ्याच जणांना काउबॉय हॅट, पिकअप ट्रक, बिअर आणि अमेरिकेचा झेंडा एवढंच आठवतं आणि ते तिथूनच परत फिरतात. त्यांना तरी काय बोलणार, रेडिओवर वाजणारं नॅशव्हिलचं (अमेरिकेतलं हे शहर म्हणजे कंट्रीच्या धंद्याचं केंद्र) कंट्री बऱ्यापैकी तसंच असतं. पण त्याच्याच शेजारी वर्षानुवर्षं दुसरं एक कंट्री चालू आहे, ज्यात वाद्यं तीच, म्हणजे पेडल स्टील (आडवी ठेवून, पेडल दाबत वाजवायची गिटार), बँजो, फिडल म्हणजे व्हायोलिन, मँडोलिन, पण वाजवणारी माणसं पंक ऐकून वाढलेली, किंवा कवितेच्या नादी लागलेली, किंवा ज्यांना रेडिओने कधी दारातच उभं केलं नाही अशी. त्यालाच ढोबळमानाने ऑल्ट-कंट्री म्हणतात. कोणी अमेरिकाना म्हणतं, कोणी रूट्स म्हणतं, आणि यातला नेमका फरक काय यावर लोक तासन् तास भांडतात. तुम्ही त्या भांडणात पडू नका, ऐकायचं राहून जातं.

सुरुवात करताना बहुतेक जण ‘बेस्ट ऑफ ऑल्ट-कंट्री’ अशी एखादी शंभर गाण्यांची प्लेलिस्ट लावतात आणि विसाव्या गाण्यापर्यंत सगळं एकसारखंच वाटायला लागतं. हे संगीत असं एकगठ्ठा ऐकायचं नाहीच मुळी. यात शब्दांना फार महत्त्व आहे, आणि माणसं एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की एक नाव नीट धरलं तर त्यातून दहा नावं निघतात. म्हणून माझा सल्ला एकच, एक अल्बम घ्या, तो पूर्ण ऐका, मग त्यावर कोण वाजवतंय, गाणं कोणी लिहिलंय, प्रोड्यूसर कोण आहे ते बघा आणि त्या नावांच्या मागे जा. स्ट्रीमिंग ॲपवर गाण्याच्या मेन्यूत बहुतेक वेळा क्रेडिट्सचा ऑप्शन असतो, कोणी तिकडे बघत नाही ती गोष्ट वेगळी.

आता पहिला अल्बम कुठला? तर तुम्ही आधी काय ऐकता त्यावर आहे. गिटारचा गोंगाट आवडत असेल तर अंकल टुपेलो. इलिनॉयमधल्या बेलव्हिल गावची पोरं, जे फरार आणि जेफ ट्वीडी हे दोघं गाणारे-लिहिणारे, आणि 1990 मध्ये आलेला त्यांचा पहिला अल्बम ‘नो डिप्रेशन’. त्याचं शीर्षकगीत कार्टर फॅमिलीने, म्हणजे कंट्रीच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या गाणाऱ्या कुटुंबाने, 1936 मध्ये रेकॉर्ड केलेलं, महामंदीच्या काळातलं, आणि त्याच अल्बमवर बाकी सगळीकडे पंकसारखी करकरीत गिटार, छोट्या गावातला कंटाळा आणि दारू. या अल्बमचा दबदबा एवढा की 1995 मध्ये सिएटलहून या संगीताला वाहिलेलं जे मासिक निघालं त्याचं नावच ‘नो डिप्रेशन’. पण मला विचाराल तर त्यांचा 1992 चा अल्बम आधी ऐका, ज्याचं नाव म्हणजे नुसत्या तारखा आहेत, ‘मार्च 16–20, 1992’, कारण त्या पाच दिवसांत तो रेकॉर्ड झाला. प्रोड्यूसर आरईएम बँडचा पीटर बक. जवळपास सगळं अकूस्टिक, जुनी लोकगीतं आणि त्यांची स्वतःची गाणी इतकी मिसळून गेलीयत की कुठलं कधीचं ते कळतच नाही.

1994 मध्ये बँड फुटला आणि इथून क्रेडिट्सचा खेळ सुरू होतो बघा. फरारने सन व्होल्ट काढला, ट्वीडीने विल्को, आणि दोघांचे पहिले अल्बम 1995 मध्येच आले, ‘ट्रेस’ आणि ‘ए.एम.’. हे दोन पाठोपाठ ऐका. माझ्या मते पहिल्या फेरीत फरारने सरळसरळ बाजी मारली, ‘ट्रेस’ आजही जराही जुना वाटत नाही, पण पुढे विल्कोने कंट्रीची वेस ओलांडून भलतीकडेच झेप घेतली. 1998 मध्ये विल्को आणि इंग्लंडचा बिली ब्रॅग यांनी मिळून जुना लोकगायक वुडी गथ्रीच्या पडून राहिलेल्या शब्दांना चाली लावल्या, ‘मर्मेड अव्हेन्यू’ नावाने. म्हणजे एका बँडपासून निघालात तर दोन-तीन उड्यांत तुम्ही 1930-40 च्या काळातल्या गाणाऱ्यापाशी पोचता.

गोंगाट नको, शांत काहीतरी हवंय असं असेल तर गिलियन वेल्च. ‘टाइम (द रेव्हलेटर)’, 2001. जवळजवळ अख्खा अल्बम दोनच माणसांचा, ती आणि डेव्हिड रॉलिंग्ज. रॉलिंग्जची ती 1935 ची छोटीशी एपिफोन गिटार, जी एवढी बोचरी वाजते की मागे बँड नाहीये हे विसरायला होतं. वेल्च लहानाची मोठी झाली लॉस एंजेलिसमध्ये, म्हणून सुरुवातीला काही समीक्षकांनी नाकं मुरडली की डोंगराळ भागातलं हे गाणं हिचं कसं. मला हा आक्षेप कधीच पटला नाही, गाणं खोटं आहे का ते ऐकून कळतं, पत्ता बघून नाही.

अंधारं, जरा भुताटकीचं आवडतं? मग हँडसम फॅमिली (‘ट्रू डिटेक्टिव्ह’ मालिकेच्या पहिल्या सीझनचं टायटल गाणं त्यांचंच) आणि नीको केस. ट्रम्पेट आणि वाळवंट हवंय तर टूसॉन, ॲरिझोनाचा कॅलेक्सिको, त्यांच्यात मारियाची हे मेक्सिकोचं पारंपरिक संगीत थेट मिसळलेलं आहे. फक्त एका मायक्रोफोनवर काय होऊ शकतं ते ऐकायचं असेल तर कॅनडाच्या काउबॉय जंकीजचा ‘द ट्रिनिटी सेशन’, टोरांटोच्या चर्चमध्ये 1987 मध्ये रेकॉर्ड केलेला, हेडफोन लावूनच ऐका. आणि हे सगळं अमेरिका-कॅनडातच चालतं असंही नाही, लीड्सचा पंक बँड मीकॉन्स 1985 मध्येच ‘फिअर अँड व्हिस्की’ काढून मोकळा झाला होता, तेही अंकल टुपेलोच्या पहिल्या अल्बमच्या पाच वर्षं आधी.

शब्दांसाठी ऐकणारे असाल तर लुसिंडा विल्यम्सचा ‘कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड’, 1998. आधीच्या अल्बमनंतर सहा वर्षांनी आला. गावांची नावं, रस्ते, कोणाच्या तरी घरातला रेडिओ, एवढ्यावर ती अख्खा माणूस उभा करते. यासाठी गाण्याचे शब्द समोर ठेवून ऐका, निदान पहिल्या दोन वेळा तरी, कारण दक्षिणेकडचे उच्चार कानाला बसायला वेळ लागतो आणि अर्धी मजा त्या शब्दांतच असते.

दुसरी युक्ती म्हणजे कव्हरचा माग. एकच गाणं चार जणांनी गायलेलं ऐकायचं. उत्तम उदाहरण ‘पँचो अँड लेफ्टी’. टाउन्स व्हॅन झँट या टेक्ससच्या माणसाने लिहिलं आणि 1972 च्या अल्बमवर गायलं, फारसं कोणी ऐकलं नाही. मग एमिलू हॅरिसने घेतलं. मग 1983 मध्ये विली नेल्सन आणि मर्ल हॅगर्ड यांनी गायलं आणि ते कंट्री चार्टवर पहिल्या नंबरला गेलं. तिन्ही ऐका, मूळ गाण्यात टाउन्सचा आवाज इतका साधा आहे की गोष्ट त्याच्यासमोर घडून गेलीय असं वाटतं. तिथून टाउन्सचा मित्र गाय क्लार्क, त्या दोघांना गुरू मानणारा स्टीव्ह अर्ल (याने तर पोराचं नावच टाउन्स ठेवलं, जस्टिन टाउन्स अर्ल, आणि तोही पुढे चांगला गायक झाला), अशी रांग लागते. एमिलूच्या बाजूने गेलात तर ती आधी ज्याच्याबरोबर गायची तो ग्रॅम पार्सन्स सापडतो, 1968 मध्ये बर्ड्स बँडला कंट्रीकडे वळवणारा, 1973 मध्ये 26 व्या वर्षी गेला, पण त्याच्याशिवाय हे पुढचं काहीच झालं नसतं असं मानणारे खूप आहेत. त्याच एमिलूचा 1995 चा ‘रेकिंग बॉल’ ऐका, आवाज तोच आणि भोवतीचं सगळं धुक्यात, प्रोड्यूसर डॅनियल लान्वा.

आता मुद्द्याचं. क्रेडिट्स वाचायचे म्हणजे नुसतं कोण आहे ते नाही, कोण नाहीये तेही बघायचं. वर कार्टर फॅमिलीचं नाव आलं ना, तर त्यांच्या ए. पी. कार्टरबरोबर गाणी गोळा करत गावोगाव फिरणारा एक कृष्णवर्णीय गिटारवाला होता, लेस्ली रिडल. कार्टर शब्द उतरवून घ्यायचा आणि रिडल चाल लक्षात ठेवायचा. कंट्रीचा दिग्गज गायक हँक विल्यम्स, त्याला लहानपणी गिटार शिकवणारा रूफस पेन, तोही कृष्णवर्णीय रस्त्यावरचा वादक. आणि बँजो, जे वाद्य आज गोऱ्या डोंगराळ माणसाची खूण म्हणून दाखवतात, ते मुळात गुलाम करून आणलेल्या आफ्रिकन लोकांनी अमेरिकेत आणि कॅरिबियनमध्ये घडवलेलं. 1920 च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी काळ्यांचं संगीत ‘रेस रेकॉर्ड्स’ आणि गोऱ्यांचं ‘हिलबिली’ अशा वेगळ्या कॅटलॉगमध्ये विकायला सुरुवात केली आणि ती भिंत कित्येक वर्षं टिकली. म्हणून ‘कंट्रीत आता वैविध्य येतंय’ असं कोणी म्हटलं की मला जरा हसू येतं. येतंय कसलं, होतंच, नावं लिहिली नव्हती.

ही भिंत सगळ्यात मुद्देसूदपणे पाडणारी बाई म्हणजे रिॲनन गिडन्स. नॉर्थ कॅरोलिनाची, ऑपेरा शिकलेली. तिने आणि तिच्या मित्रांनी जो थॉम्पसन नावाच्या म्हाताऱ्या कृष्णवर्णीय फिडलवाल्याकडे जाऊन जुनी वादनपद्धत शिकून घेतली आणि त्यातून कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स हा बँड उभा राहिला. त्यांच्या 2010 च्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. बियॉन्सेच्या 2024 मधल्या ‘टेक्सस होल्डेम’ गाण्याची सुरुवात ज्या बँजोने होते तो गिडन्सचाच आहे, म्हणजे तुम्ही तिला बहुतेक ऐकलंय, फक्त क्रेडिट्स बघितले नाहीत! तिच्याकडून पुढे जायचा रस्ता सोपा आहे. 2019 चा ‘आवर नेटिव्ह डॉटर्स’ हा प्रोजेक्ट लावा, त्यात चार कृष्णवर्णीय बायका आहेत, चौघी बँजो वाजवतात, गिडन्स, ॲमिथिस्ट काया, लेला मकॅला आणि ॲलिसन रसेल, आणि मग चौघींचे स्वतंत्र अल्बम. रसेलचा ‘आउटसाइड चाइल्ड’ (2021) लहानपणीच्या अत्याचारातून बाहेर पडण्याबद्दल आहे, विषय जड आहे पण गाणी रडकी अजिबात नाहीत, उलट पाय हलतो. काहीतरी वेगळाच आवाज हवा असेल तर व्हॅलेरी जून, तो आवाज पहिल्यांदा ऐकल्यावर एकतर लगेच आवडतो नाहीतर नाहीच.

मेक्सिकन-अमेरिकन बाजूने अलेहांद्रो एस्कोव्हेडो. सत्तरच्या दशकात पंक बँडमध्ये होता, मग टेक्ससमध्ये कंट्रीत शिरला, आणि वर सांगितलेल्या ‘नो डिप्रेशन’ मासिकाने त्याला नव्वदच्या दशकाचा कलाकार ठरवलं. तरी बाहेर नाव फारसं कोणाला माहीत नाही. समलिंगी कलाकारांचं बोलायचं तर लॅव्हेंडर कंट्री या बँडपासून सुरू करा. पॅट्रिक हॅगर्टीने 1973 मध्ये सिएटलमध्ये उघडपणे गे विषयावरचा कंट्री अल्बम काढला, 1973 मध्ये बरं का, हजारेक प्रती निघाल्या आणि विषय तिथेच संपला, मग 2014 मध्ये तो पुन्हा प्रकाशित झाला आणि सत्तरीतला हा माणूस परत स्टेजवर गायला लागला. 2022 मध्ये गेला तो. आजचा मुखवटा घालून गाणारा ऑर्व्हिल पेक त्यानंतर ऐका, म्हणजे ही वाट पेकच्या कितीतरी आधीपासून आहे हे कळेल.

अल्गोरिदमबद्दल थोडं. ॲपला तुम्ही ‘ऑल्ट-कंट्री’ सांगितलंत की ते तीच पंधरा-वीस नावं फिरवत बसतं. त्यापेक्षा बँडकँपवर जा, आवडलेल्या अल्बमच्या पानावर तो विकत घेतलेल्या लोकांचे छोटे फोटो दिसतात, त्यातल्या एखाद्यावर क्लिक करून त्याने अजून काय काय घेतलंय ते बघा. कुठल्याही मशीनपेक्षा हे भारी चालतं, कारण पैसे मोजणारा माणूस उगाच काही घेत नाही. लेबलचंही तसंच, शिकागोच्या ब्लडशॉट रेकॉर्ड्सचा जुना कॅटलॉग किंवा जॉन प्राइनने काढलेलं ओ बॉय रेकॉर्ड्स, यांची यादी डोळे झाकून चाळली तरी चालते. आणि लाइव्ह बघायचं तर यूट्यूबवर टायनी डेस्क, केईएक्सपीचे सेशन्स, ऑस्टिन सिटी लिमिट्स. पेडल स्टील कसं वाजतं हे एकदा डोळ्यांनी बघाच, हात, दोन्ही पाय आणि गुडघेसुद्धा कामाला लागलेले असतात.

जुनंच ऐकत बसायचं नसेल तर आत्ताची साखळी पण तयार आहे. वॅक्साहॅचीचा ‘टायगर्स ब्लड’ (2024) घ्या. त्यावर गिटार आणि मागचा आवाज एम. जे. लेंडरमनचा, त्याचा स्वतःचा ‘मॅनिंग फायरवर्क्स’ त्याच वर्षीचा. लेंडरमन वेन्सडे या ॲशव्हिलच्या बँडमध्ये वाजवायचा, त्यांचा ‘रॅट सॉ गॉड’ (2023) इतका कर्कश आहे की मध्येच पेडल स्टील आलं की दचकायला होतं. आणि ‘टायगर्स ब्लड’चा प्रोड्यूसर ब्रॅड कुक, त्यानेच हुरे फॉर द रिफ रॅफचा ‘द पास्ट इज स्टिल अलाइव्ह’ केलाय. हा अलिंडा सेगारा यांचा बँड, मूळ पोर्तो रिकन घर, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये वाढलेल्या, सतराव्या वर्षी घर सोडून मालगाड्यांतून फिरत न्यू ऑर्लिन्सला पोचलेल्या. त्यांचा आधीचा 2014 चा ‘स्मॉल टाउन हीरोज’ पण काढा, त्यात बाईला मारून नदीत टाकणाऱ्या जुन्या लोकगीतांना दिलेलं एक उत्तर आहे, ‘द बॉडी इलेक्ट्रिक’. ते ऐकायच्या आधी अशी दोन-चार जुनी खुनाची गाणी ऐकून घ्या, नाहीतर सेगारा कोणावर चिडल्यायत ते कळणार नाही.