डाइव्ह कॉम्प्युटरचा सेल घरी बदलताना या चुका टाळा

पावसाळाभर मालवण-तारकर्लीचं डायव्हिंग बंद असतं. मग सीझन तोंडावर आला की बॅगेतून काढलेल्या डाइव्ह कॉम्प्युटरवर, म्हणजे खोली आणि पाण्याखाली किती वेळ राहता येईल ते दाखवणाऱ्या मनगटावरच्या यंत्रावर, बॅटरीची खूण लुकलुकताना दिसते आणि घाई सुरू होते. आधी मॅन्युअल उघडा. सेल घरी बदलायचा की सर्व्हिस सेंटरमध्ये, हे त्यात लिहिलेलं असतं. सेलसाठी वेगळं झाकण नसेल, तर पाठीमागचे स्क्रू खोलू नका.

सगळ्यात धोकादायक चुकीचा गळतीशी संबंधच नाही. दोन डाइव्हच्या मधल्या वेळेत सेल बदलला, तर अनेक मॉडेल्स तुमच्या शरीरात साठलेल्या नायट्रोजनचा हिशेब विसरतात. पुढच्या डाइव्हला कॉम्प्युटर तुम्हाला कोरा माणूस समजतो आणि नको तेवढा वेळ खाली राहू देतो. स्क्रीनवरचा डिसॅच्युरेशनचा, म्हणजे हा जादा नायट्रोजन शरीरातून निघून जाण्याचा वेळ पूर्ण संपल्याशिवाय सेलला हात लावू नका.

सेल घेताना आकडे नीट वाचा. सीआर2430 आणि सीआर2450 दोन्ही 24.5 मिलिमीटर रुंद, दोन्ही 3 व्होल्टचे. पण पहिला 3 मिलिमीटर जाड, दुसरा 5. दुकानदार ‘चालेल’ म्हणाला तरी घेऊ नका. पातळ सेल आत हलतो आणि पाण्याखाली स्क्रीन बंद पडू शकते.

आता ओ-रिंग, म्हणजे झाकणापाशी खाचेत बसणारं, पाणी अडवणारं रबरी कडं. पाणी शिरतं ते बहुधा इथूनच. उघडण्याआधी कॉम्प्युटर गोड्या पाण्यात भिजवून पूर्ण वाळवा, नाहीतर आट्यांतलं मीठ थेट खाचेत पडतं. जुनी रिंग सुईने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका. खाचेवर ओरखडा पडला की नवी रिंगही पाणी अडवू शकत नाही. लाकडी टूथपिक पुरते. खाच लव न सोडणाऱ्या फडक्याने पुसा. कापसाचा एक धागा राहिला तरी पाण्याला वाट मिळते. उजेडात तिरकं धरून बघा, केस आणि वाळूचा कण तेव्हाच दिसतात.

ग्रीसचा गैरसमज फार पसरलेला आहे. ग्रीस पाणी अडवत नाही, अडवते ती रिंग. ग्रीसमुळे ती फक्त पिळ न पडता जागेवर सरकते. म्हणून बोटाने फिरवल्यावर रिंग जेमतेम चमकेल एवढंच लावा. थर दिला तर त्यात कचरा चिकटतो. ग्रीस कोणतं, हे रिंगच्या रबरावर ठरतं. ईपीडीएम नावाच्या रबराची रिंग व्हॅसलीनने फुगते आणि सिलिकॉनची रिंग सिलिकॉन ग्रीसने. कंपनीने किटमध्ये दिलेलंच वापरा. आणि जुनी रिंग ‘अजून चांगली दिसते’ म्हणून परत बसवू नका. दाबून चपटी झालेली रिंग नुसत्या डोळ्यांना कळतेच असं नाही.

झाकण बसवताना आधी हलकेच उलटं फिरवा. आटे जुळल्याचं बोटांना जाणवलं की मग सुलटं. खूण जुळली की थांबा. जास्त आवळल्याने सील घट्ट होत नाही, प्लास्टिक मात्र तडकतं. कोकणातल्या दमट हवेत हे काम एसी लावलेल्या खोलीत करणं बरं, नाहीतर आत कोंडलेली वाफ थंड पाण्यात काचेवर धुकं होऊन बसते.

नंतर बादलीत बुडवून बुडबुडे येतात का ते पाहा. पण बादलीत पास झाला म्हणजे 30 मीटरवर टिकेल असं नाही. तिथे दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो. सोय असेल तर डाइव्ह सेंटरच्या प्रेशर पॉटमध्ये, म्हणजे खोल पाण्यासारखा दाब देणाऱ्या भांड्यात तपासून घ्या. पाण्यात उतरण्याआधी तारीख, नायट्रॉक्सची (जादा ऑक्सिजन असलेल्या श्वसनाच्या हवेची) टक्केवारी आणि समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचं सेटिंग पुन्हा बघा, सेल काढल्यावर ती बदललेली असू शकतात.

डाइव्हनंतर काचेआड थेंब दिसले, तर लगेच झाकण उघडून सेल काढा. सेलच्या कप्प्यातलं खारं पाणी डिस्टिल्ड वॉटरने हलकेच धुवा आणि वाळू द्या. खोली मोजणाऱ्या प्रेशर सेन्सरच्या भोकात काहीही घालू नका. वाळल्यावर स्क्रीन पेटली तरी तो कॉम्प्युटर सर्व्हिस सेंटरने तपासेपर्यंत मनगटावर बांधायचा नाही. खोलीचा आकडा चुकीचा असेल, तर तो पाण्याखाली तुम्हाला कळणार नाही.