टर्मिनलमध्ये डिरेक्टरी झटपट बदलताना या चुका टाळा

कमांड लाइनवर एका डिरेक्टरीतून (फोल्डरमधून) दुसरीत लवकर पोहोचण्यासाठी बॅश (bash) या शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, अनेक सोयी आहेत. त्या टाइप करणाऱ्या माणसासाठी आहेत, स्क्रिप्टसाठी (फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या कमांडसाठी) नव्हेत, हा भेद न पाळल्यामुळेच बहुतेक अडचणी उद्भवतात.

सर्वांत फसवी चूक सीडीपाथ (CDPATH) या व्हेरिएबलची आहे. डिरेक्टरी बदलणारी सीडी (cd) ही कमांड कुठे शोध घेईल, याची यादी त्यात असते. त्यात आपल्या प्रकल्पांची मूळ डिरेक्टरी नोंदवली, की कुठूनही 'सीडी अहवाल' एवढे टाइप करून त्या प्रकल्पात जाता येते. मात्र समोरच 'अहवाल' नावाची उपडिरेक्टरी असली तरी बॅश आधी सीडीपाथमधील त्याच नावाची डिरेक्टरी शोधते आणि आपण नकळत भलत्याच ठिकाणी पोहोचतो. म्हणून ही यादी नेहमी कोलनने (:) सुरू करावी, म्हणजे सध्याची डिरेक्टरी प्रथम पाहिली जाते. याहून गंभीर प्रकार म्हणजे हे व्हेरिएबल एक्सपोर्ट करणे, म्हणजे शेलमधून चालवलेल्या स्क्रिप्टनाही ते मिळू देणे. सीडीपाथमुळे डिरेक्टरी सापडल्यास सीडी तिचा पूर्ण मार्ग छापते, त्यामुळे सीडी आणि पीडब्ल्यूडी (pwd, सध्याच्या डिरेक्टरीचा मार्ग छापणारी कमांड) एकत्र वापरून स्वतःचे ठिकाण शोधणाऱ्या स्क्रिप्टला एका ओळीऐवजी दोन ओळी मिळू शकतात आणि त्रुटीचा संदेश तिसऱ्याच जागी उमटतो. अशी शंका आल्यास 'डिक्लेअर -पी सीडीपाथ' (declare -p CDPATH) चालवावे. उत्तरात '-एक्स' (-x) दिसले, तर बॅशआरसी (.bashrc, बॅश सुरू होताना वाचते ती) फाइलमधून 'एक्सपोर्ट' हा शब्द काढून नवे टर्मिनल उघडावे.

सीडी असलेली स्क्रिप्ट चालवूनही आपण जागचे हलत नाही, ही तक्रारही नेहमीची आहे. स्क्रिप्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालते आणि तिने बदललेली डिरेक्टरी तिच्याबरोबरच संपते. यासाठी बॅशआरसीमध्ये फंक्शन लिहावे. एलियासला (कमांडला दिलेल्या छोट्या पर्यायी नावाला) मधोमध आर्ग्युमेंट घेता येत नसल्याने ते इथे अपुरे पडते.

'सीडी -' फक्त मागील एकच ठिकाण लक्षात ठेवते. अधिक ठिकाणांसाठी पुशडी (pushd) आणि पॉपडी (popd) आहेत; पहिली ठिकाणे एकावर एक रचलेल्या यादीत (स्टॅकमध्ये) ठेवते, दुसरी त्यातून मागे आणते. पण मध्येच साधे सीडी वापरले तर स्टॅकमधील सर्वांत वरची नोंद पुसली जाऊन तिच्या जागी नवी येते, आणि मग पॉपडीने अपेक्षित जागी परतता येत नाही. गोंधळ वाटल्यास 'डर्स -व्ही' (dirs -v) ने क्रमांकांसह यादी पाहावी.

नावात मोकळी जागा असेल तर ते अवतरणचिन्हांत ठेवावे, परंतु ~ हे चिन्ह अवतरणाबाहेरच हवे. आत गेल्यास त्याचे होम डिरेक्टरीत रूपांतर होत नाही.

मॅकवर बॅशआरसीत केलेले बदल लागू होत नसतील, तर 'एको $0' (echo $0) ने आधी चालू शेल कोणते ते तपासावे, कारण 2019 च्या कॅटलिनापासून तिथे झेडशेल (zsh) हे मूळ शेल आहे आणि ते झेडशआरसी (.zshrc) ही फाइल वाचते. झॉक्साइड (zoxide, भेट दिलेल्या डिरेक्टऱ्या लक्षात ठेवून तिथे झटपट नेणारे साधन) बसवूनही ते काही शोधत नसेल, तर ते सुरू करणारी ओळ आपल्या शेलच्या या फाइलच्या शेवटी आहे ना, हे पाहावे. ती असेल, तर आपण त्या डिरेक्टरीत एकदा सीडीने जाऊन यावे. न पाहिलेली जागा झॉक्साइडच्या नोंदीत नसते.