शाळेची सॉफ्टवेअर एकमेकांशी जोडताना
शुल्क, ग्रंथालय आणि निकालपत्रक यांची सॉफ्टवेअर जोडताना विद्यार्थ्याचे नाव जुळवणीचा आधार धरू नये. ‘पाटील ओंकार सुरेश’ आणि ‘ओमकार पाटील’ हे संगणकाच्या लेखी दोन वेगळे विद्यार्थी ठरतात. त्याऐवजी जनरल रजिस्टरचा (शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा) क्रमांक वापरावा, आणि संस्थेच्या अनेक शाळा असल्यास त्याला 11 अंकी यू-डायस क्रमांकाची, म्हणजे प्रत्येक शाळेच्या स्वतंत्र सरकारी क्रमांकाची, जोड द्यावी, कारण तोच रजिस्टर क्रमांक दुसऱ्या शाळेतही असतोच. सरल या राज्य शिक्षण विभागाच्या ऑनलाइन प्रणालीतील लांबलचक विद्यार्थी क्रमांक एक्सेलमधून नेताना तो स्तंभ आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवावा. एरवी एक्सेल 15 अंकांपुढचे सगळे अंक मुकाट्याने शून्य करते, आणि हा घोळ बहुधा दाखला काढायच्या वेळीच लक्षात येतो. नाव वा जन्मतारखेची दुरुस्ती फक्त प्रवेशनोंदणीच्या प्रणालीत करावी.