सर्व्हर मंदावला म्हणून प्रोसेसरचे पॅच काढताय? आधी या चुका टाळा

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी जाहीर झाल्या; त्यांच्यातून एक प्रोग्राम दुसऱ्याची गुपितं वाचू शकतो. तेव्हापासून एक तक्रार सारखी कानावर येते: कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) अपडेट केलं आणि डेटाबेस मंदावला. तक्रार करणाऱ्याने उपायही शोधलेला असतो, मशीन सुरू होताना कर्नलला मिळणाऱ्या सूचनांच्या ओळीत, म्हणजे बूट ओळीत, 'मिटिगेशन्स=ऑफ'.

सगळंच बंद करणं. लिनक्स ५.२ पासून मिळणारा हा पर्याय मेल्टडाउन, स्पेक्टर, एल१टीएफ, एमडीएस अशा सगळ्या प्रोसेसर त्रुटींवरचे बचाव एका झटक्यात काढून टाकतो. तुम्हाला नडत असतो त्यातला एखादाच. तो कोणता, हे शोधायला पाच मिनिटंही न देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण त्या मशीनवर दुसऱ्यांचा डेटा असतो. 'एलएससीपीयू' चालवा; कुठला धोका लागू आहे आणि त्यावर कुठला बचाव चालू आहे, हे ती कमांड ओळीने सांगते. एएमडीच्या प्रोसेसरना मेल्टडाउन लागू नाही आणि इंटेलच्या नव्या पिढ्यांत तो हार्डवेअरमध्येच बुजवलाय. तिथे पीटीआय, म्हणजे मेल्टडाउनवरचा बचाव, मुळात चालूच नसतो, मग बंद करून वाचणार काय?

व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएम) पीसीआयडी, म्हणजे पीटीआयचा फटका कमी करणारी प्रोसेसरची सोय, न तपासणं. ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. एका ग्राहकाकडे पोस्टग्रेस या डेटाबेसचं व्हीएम अपडेटनंतर रडायला लागलं. तिथल्या नवशिक्या ॲडमिनने पीटीआय बंद केला, वेग परत आला, सगळे खूश. पण त्याच व्हीएमवर बाहेरून आलेल्या स्क्रिप्टही चालत होत्या. म्हणजे त्यातली कुठलीही स्क्रिप्ट व्हीएमची सगळी मेमरी वाचू शकली असती.

पीटीआयमुळे प्रोग्राम आणि कर्नल यांच्या पेज टेबल (मेमरीच्या पत्त्यांचे तक्ते) वेगळ्या राहतात. त्यामुळे प्रत्येक सिस्टम कॉलला, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे काम मागितलं की, टेबल बदलावी लागते. पीसीआयडी नसेल तर या बदलात टीएलबी, म्हणजे प्रोसेसरने लक्षात ठेवलेले पत्ते, पुसला जातो आणि पत्ते पुन्हा शोधावे लागतात. पोस्टग्रेसवर फक्त वाचनाच्या चाचणीत सुरुवातीलाच पीसीआयडीसह सुमारे १७ टक्के आणि त्याविना सुमारे २३ टक्के घट दिसली होती. या ग्राहकाच्या होस्टवर पीसीआयडी होता, पण व्हीएमला दाखवायचा सीपीयू प्रकार 'केव्हीएम६४' हा मोजक्याच सोयींचा असल्याने आत तो दिसतच नव्हता. व्हीएमच्या सेटिंगमध्ये पीसीआयडीचा फ्लॅग जोडला, पीटीआय पुन्हा चालू केला. एक गोष्ट इथे हमखास चुकते: व्हीएमच्या आतून रीबूट करून फ्लॅग येत नाही, व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं.

उरलेला मंदपणा ॲप्लिकेशनचा होता. प्रत्येक क्वेरीला ते नवं कनेक्शन उघडत होतं, आणि पोस्टग्रेसमध्ये नवं कनेक्शन म्हणजे नवी प्रोसेस. मध्ये पीजीबाउन्सर बसवला; तो उघडलेली कनेक्शनं पुन्हा पुन्हा वापरतो. कुठल्याही तक्रारीत मी आधी सिस्टम कॉल मोजते, मग बचावांकडे बघते.

चुकीची चाचणी. नुसती आकडेमोड करणारा बेंचमार्क कर्नलमध्ये क्वचितच शिरतो, त्यामुळे त्यात पीटीआयचा फटका दिसत नाही. स्वतःचं खरं काम मोजा.

मथळ्यातला आकडा आपलाच समजणं. ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झालेल्या डाउनफॉल या इंटेल प्रोसेसरमधल्या त्रुटीच्या वेळी इंटेलने काही कामांत ५० टक्क्यांपर्यंत घट सांगितली. ती 'गॅदर' सूचना (मेमरीत विखुरलेला डेटा एकदम गोळा करणारी) भरपूर वापरणाऱ्या कामांची होती. साध्या वेब सर्व्हरवाल्यांनी उगाच धास्ती घेतली.

हायपर-थ्रेडिंग (एसएमटी), म्हणजे एका कोरवर दोन थ्रेड चालवणं, विसरणं. बचाव चालू असले तरी 'एसएमटी व्हल्नरेबल' असं दिसू शकतं. अनोळखी कोड चालवत असाल तर हायपर-थ्रेडिंग बंद करा, थ्रेड कमी झाले तरी.

मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर, आलाच असेल असं धरून चालणं. काही बचावांना तो लागतो. डेबियन १२ मध्ये तो 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या नव्या विभागात गेला. जुन्या मशीनवर सोर्सेस यादी (पॅकेज कुठून घ्यायची ती) न बदलता अपग्रेड केलं असेल, तर पुढचे मायक्रोकोड अपडेट येतच नाहीत आणि ठळक एररही दिसत नाही. यादीत तो विभाग घाला, पॅकेज अपडेट करा, रीबूट करा आणि कर्नल लॉगमध्ये मायक्रोकोडची आवृत्ती बघा.